तोट्यातल्या लीगकडे पगारवाढ मागायची ती कशाच्या बळावर?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुलै 2025 मध्ये इंडियानापोलिसला डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ऑल-स्टार सामना झाला. वॉर्म-अपला खेळाडू उतरल्या त्या ‘पे अस व्हॉट यू ओ अस’, म्हणजे आमचं जे देणं लागता ते द्या, असं छापलेले टी-शर्ट घालून. तुम्ही म्हणता, ही लीग तर जन्मापासून तोट्यात आहे असं वाचलंय, मग देणं कसलं? एनबीए या पुरुषांच्या लीगमधल्या खेळाडूंएवढा पगार मागणं हा हट्ट नाही का? आणि तुमची मुलगी जिल्हा पातळीवर खेळते, म्हणून शेवटी विचारलंय की आपल्याकडे यातून घेण्यासारखं काही आहे का.

आधी माझी बाजू सांगते. पुण्याजवळच्या कारखान्यांतल्या कामगार संघटनांसाठी मी वेतनकराराच्या वाटाघाटी करते. मागणीपत्र लिहायचं, कंपनीचा ताळेबंद फोडून बघायचा, व्यवस्थापनासमोर बसून घासाघीस करायची, जमलं नाही तर कामगार आयुक्तांकडे जायचं, हे माझं काम. बास्केटबॉल मी फक्त प्रेक्षक म्हणून बघते. पण या खेळाडूंची संघटना 1998 पासूनची, व्यावसायिक महिला खेळाडूंची पहिली युनियन, आणि तिच्या करारांबद्दल जे जाहीर झालंय ते मी एखाद्या कारखान्याचा करार वाचावा तसं वाचत आलेय. हे लिहितेय जानेवारी 2026 मध्ये. जुना करार संपलाय, नवा झालेला नाही.

एनबीएएवढ्या पगाराचा मुद्दा लगेच बाजूला काढू, कारण तेवढा पगार कोणीच मागितलेला नाही. एनबीएच्या खेळाडूंना त्यांच्या करारानुसार बास्केटबॉलमधून येणाऱ्या उत्पन्नाचा जवळपास निम्मा वाटा मिळतो, 49 ते 51 टक्के. डब्ल्यूएनबीएत हाच वाटा काढायला गेलं तर बाहेरच्या अभ्यासकांचे अंदाज दहा टक्क्यांच्या आसपास घुटमळतात. भांडण या वाट्याचं आहे. गल्ला लहान असला तर वाटाही लहान, हे खेळाडूंना मान्य आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये एनबीएचे आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांना याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांचं म्हणणं पडलं की टक्केवारीकडे बघू नका, प्रत्यक्ष रकमेकडे बघा, वाढ भरपूर होणार आहे. असं बोलणं मी पुष्कळ बैठकांत ऐकलंय. व्यवस्थापन टक्क्यांवरून रकमेवर सरकलं की मी समजते, पुढे उत्पन्न चांगलंच वाढणार आहे आणि ते त्यांना आत्ताच माहीत आहे.

आता थोडे आकडे, कारण त्यांच्याशिवाय सगळं हवेत राहील. 2025 च्या मोसमात डब्ल्यूएनबीएतला किमान पगार 66,079 डॉलर होता आणि कमाल 2,49,244 डॉलर. एका संघाने सगळ्या खेळाडूंवर मिळून खर्च करायची मर्यादा 15,07,100 डॉलर, आणि ती कडक, म्हणजे ओलांडता न येणारी. 2020 च्या करारात हेच आकडे होते 57,000, 2,15,000 आणि 13 लाख. कॅल्क्युलेटर घ्या आणि तिन्हींवर दरसाल 3 टक्के, पाच वर्षं, चक्रवाढीने लावा. 2025 चे आकडे जसेच्या तसे येतात. म्हणजे मधल्या पाच वर्षांत लीग बुडाली असती किंवा आभाळाला भिडली असती, तरी पगाराचे हे आकडे तेवढेच राहणार होते.

लीग आभाळाला भिडली नाही, पण चांगलीच उडाली. एप्रिल 2024 मध्ये केटलिन क्लार्क आयोवा विद्यापीठाकडून कॉलेज स्पर्धेचा अंतिम सामना खेळली, तो टीव्हीवर पावणेदोन कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्यालाही तेवढे प्रेक्षक नव्हते. त्यानंतर डब्ल्यूएनबीएच्या इंडियाना फीव्हर या संघाने तिला नव्या खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, पहिल्या क्रमांकावर निवडलं, पहिल्या वर्षाचा पगार 76,535 डॉलर. त्याच जुलैत लीगने डिस्नी, अ‍ॅमेझॉन आणि एनबीसीयुनिव्हर्सल यांच्याशी 2026 पासूनच्या प्रसारण हक्कांचा करार केला. 11 वर्षांचे 220 कोटी डॉलर, सरासरी वर्षाला 20 कोटी. आधी हा आकडा वर्षाला 6 कोटींच्या आसपास होता. 2026 मध्ये टोरांटो आणि पोर्टलंड हे नवे संघ धरून संघ होतात 15. जुन्याच मर्यादेने या सगळ्या संघांच्या सगळ्या खेळाडूंचा पगार मोजला तर सव्वादोन कोटी डॉलर. एकट्या टीव्हीच्या पैशाचा नववा हिस्सा. तिकिटं, प्रायोजक, जर्सी हे अजून मोजलेलंच नाही.

त्या 220 कोटींवरही युनियनने बोट ठेवलंय, आणि मला त्यात तथ्य वाटतं. हे हक्क वेगळे विकले गेले नाहीत. एनबीएने स्वतःचे हक्क सुमारे 7,600 कोटी डॉलरला विकले, त्याच सौद्यात महिला लीगचेही. त्यातलं कोणाच्या खात्यात किती टाकायचं हे ठरताना खेळाडूंना कोणी विचारलं नाही. डब्ल्यूएनबीएत एनबीएची मालकी 42 टक्के असल्याचं सांगितलं जातं, आणखी तेवढीच डब्ल्यूएनबीएच्या संघमालकांची, बाकी 2022 मध्ये आलेल्या गुंतवणूकदारांची. कारखान्यात हे दृश्य नेहमीचं. इथला माल भगिनी कंपनीला स्वस्तात जातो, नफा तिथे दिसतो, आणि इथल्या कामगाराला सांगतात की बाबा, आपलं युनिट मार्जिनवर आहे. महिला लीगच्या बाबतीत तसंच झालंय असं मी म्हणत नाही. पण दोन्ही खिसे बव्हंशी एकाच कोटाचे असले, की कोणत्या खिशात किती याचा पुरावा मागायचा हक्क समोरच्याला असतो.

मग 2020 मध्ये खेळाडूंनी 3 टक्क्यांवर सही का केली? तो करार त्या वेळी वाईट नव्हता, उलट गाजला होता. नोव्हेंबर 2018 मध्ये नेका ओगुमिके यांच्या नेतृत्वाखाली युनियनने आधीच्या करारातून मुदतीआधी बाहेर पडायचा पर्याय वापरला, आणि जानेवारी 2020 मध्ये जे हातात आलं त्यात कमाल पगार 1,17,500 च्या आसपास होता तो एकदम 2,15,000 झाला. बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार, मुलं असलेल्या खेळाडूंना दोन बेडरूमचं घर, मुलाच्या सांभाळासाठी वर्षाला 5,000 डॉलर, प्रवासात प्रत्येकीला हॉटेलची स्वतंत्र खोली. यातली एकेक गोष्ट वाचताना मला बरं वाटलं होतं, कारण बायकांच्या युनियनचं मागणीपत्र वेगळं दिसतं ते असं. सहा फूट चार इंचाच्या बाईने इकॉनॉमीत मधल्या सीटवर बसून जायचं आणि दुसऱ्या दिवशी खेळायचं, ही तक्रार पुरुषांच्या लीगमध्ये कधीच संपली होती.

त्या कराराचा मथळा मात्र वेगळा होता: उत्पन्नात 50-50 वाटा. गोम तिथेच होती. वाटा मिळणार होता तो उत्पन्न ठरलेल्या उद्दिष्टाच्या वर गेलं तर, आणि फक्त वरच्या रकमेतला. शिवाय उद्दिष्ट दर वर्षाचं वेगळं नव्हतं. ते साठत जाणारं होतं. एका वर्षाची तूट पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. सही झाली आणि दोन महिन्यांत कोविड आला. 2020 चा मोसम फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनला बंद आवारात, प्रेक्षकांशिवाय, 22 सामन्यांवर आटोपला. ती तूट पुढे वाहत राहिली आणि पुढची काही वर्षं त्या 50 टक्क्यांतून खेळाडूंच्या हातात काही पडलं नाही. आमच्याकडे उत्पादन-प्रोत्साहन भत्त्याच्या योजनांत हेच कलम असतं. मी ते दिसलं की पहिली लाल रेघ तिथे मारते. प्रत्येक वर्ष स्वतंत्र धरा, किंवा ज्यावर कामगाराचा ताबा नाही अशा कारणाने काम बंद पडलं तर उद्दिष्ट त्या प्रमाणात खाली आणा, एवढंच वाक्य लागतं. ते मिळवायला मात्र दोन बैठका जास्त बसावं लागतं.

बदल्यात खेळाडूंनी दिलं काय, हेही बघा. याआधी खेळाडू हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीनमध्ये खेळून खरा पैसा कमवत. डायना टॉरासी ही लीगची मोठी खेळाडू 2015 चा अख्खा मोसम इथे खेळलीच नाही, कारण एकातेरिनबर्गच्या रशियन क्लबने तिला विश्रांतीसाठी पैसे दिले. तिथे तिची कमाई 15 लाख डॉलरच्या घरात असल्याचं छापून आलं होतं, इथे पगार लाखाच्या जरा वर. त्याच क्लबकडे परतताना फेब्रुवारी 2022 मध्ये ब्रिटनी ग्राइनरला मॉस्कोच्या विमानतळावर पकडलं आणि ती डिसेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली, ते तुम्हाला आठवत असेल. 2020 च्या करारात मालकांनी घालून घेतलं की अनुभवी खेळाडू परदेशातून उशिरा आली तर 2023 पासून दंड आणि 2024 पासून मोसमभर बाहेर. म्हणजे बाहेरची कमाई आखडली आणि घरची वाढ 3 टक्क्यांवर बांधली गेली. ऑक्टोबर 2024 मध्ये युनियन पुन्हा एकदा मुदतीआधी बाहेर पडली, त्याचं मोठं कारण हा हिशेब.

आता तुमचा मुख्य प्रश्न, तोटा. सिल्व्हर यांनी 2018 मध्ये सांगितलं होतं की लीग सुरू झाल्यापासून दर वर्षी सरासरी 1 कोटी डॉलरहून जास्त तोटा झालाय. 2024 साठी 4 कोटींचा आकडा वर्तमानपत्रांत आला. हे खोटं आहे असं मी धरून चालत नाही. 2024 पासून सगळ्या सामन्यांना चार्टर विमान द्यायला लागले, दोन मोसमांचे 5 कोटी डॉलर, तो खर्च खराच आहे. पण तोटा हा शब्द कानावर पडला की माझ्यासारखी बाई आधी विचारते, कोणाचा, आणि कशात? एनबीए आणि डब्ल्यूएनबीएचे काही संघ एकाच मालकाचे. तोच स्टेडियम, तेच तिकीट खातं, तेच मार्केटिंग. त्यातला किती खर्च मुलींच्या संघाच्या नावावर पडला हे हिशेबनिसाच्या पेनावर ठरतं. शिवाय मालकाची कमाई वर्षाच्या नफ्यात असतेच असं नाही. गोल्डन स्टेटच्या नव्या संघाने लीगमध्ये यायला 5 कोटी डॉलर भरले. त्यानंतर जून 2025 मध्ये क्लीव्हलंड, डेट्रॉइट आणि फिलाडेल्फिया जाहीर झाले, प्रत्येकी 25 कोटी. बुडत्या धंद्याचं प्रवेशशुल्क दोनेक वर्षांत पाचपट होत नाही. खेळाडूंना मात्र या किमतीच्या वाढीत वाटा नसतो, आणि प्रवेशशुल्क एनबीएतसुद्धा खेळाडूंच्या वाट्यात मोजत नाहीत.

अमेरिकी कायद्यातली एक गंमत इथे सांगायला हवी. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्ये ट्रूइट नावाच्या कंपनीच्या खटल्यात म्हटलं की, मालक वाटाघाटीत ‘आम्हाला परवडत नाही’ म्हणाला आणि युनियनने पुरावा मागितला, तर त्याने हिशेब दाखवायला हवेत. म्हणून तिथले मुरलेले वकील ‘परवडत नाही’ कधी म्हणत नाहीत. ते म्हणतात, हे शाश्वत नाही, हे धंद्याच्या हिताचं नाही. वर्तमानपत्रात तोटा आणि टेबलावर शाश्वतता. दोन ठिकाणची भाषा वेगळी का, हे आता लक्षात येईल.

आपल्या कायद्याने हा प्रश्न आणखी सरळ सोडवलाय. 1965 च्या बोनस कायद्यात (आता तो वेतन संहितेत गेलाय) तोटा असला तरी 8.33 टक्के बोनस द्यावाच लागतो. त्यामागचा विचार असा की मजुरी हा धंद्याचा पहिला खर्च आहे, नफा उरला तर वाटायची खिरापत नव्हे. वर जे मिळायचं, 20 टक्क्यांपर्यंत, ते शिलकीवर. आणि ती शिल्लक कशी काढायची, घसारा किती, भांडवलावर परतावा किती, कर किती, कोणत्या रकमा परत बेरजेत धरायच्या, हे सगळं कायद्यात लिहून ठेवलंय. मालकावर सोडलेलं नाही. याचं मूळ मुंबईच्या गिरण्यांत आहे. 1950 मध्ये गिरणी मालक आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघ यांच्या वादात लवादाने जे सूत्र घालून दिलं, त्यावर पुढे हा कायदा उभा राहिला. शिलकीत वाटा द्यायचा असेल तर आधी शिलकीची व्याख्या पक्की करावी लागते, हे आपल्याकडे पंच्याहत्तर वर्षांपूर्वी कळलं होतं.

आणि डब्ल्यूएनबीएचं भांडण आज नेमकं इथे अडलंय. बातम्यांतून जे बाहेर आलंय त्यानुसार लीग म्हणतेय, निव्वळ उत्पन्नाच्या 70 टक्क्यांहून जास्त घ्या. युनियन म्हणतेय, आम्हाला एकूण उत्पन्नाचे 30 टक्के द्या. वाचणारा चक्रावतो. 70 सोडून 30 मागतात, वेड लागलंय का यांना?

उदाहरणादाखल धरा की उत्पन्न 100 रुपये आणि मालकांनी दाखवलेला खर्च 70. उरले 30, त्याचे 70 टक्के म्हणजे 21. पुढच्या वर्षी मालकाने नवं सराव केंद्र बांधलं, दोन उपाध्यक्ष नेमले, खर्च झाला 80. आता उरले 20 आणि खेळाडूंना 14. उत्पन्न तेवढंच, खेळाडू तेवढ्याच जीव तोडून खेळल्या, आणि वाटा तिसऱ्या हिश्शाने घटला. एकूण उत्पन्नाचे 30 टक्के असते तर दोन्ही वर्षी 30. ऊस पिकवणाऱ्या घरातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, जाहीर होते ती एक रक्कम, खात्यात पडते ती तोडणी-वाहतूक कापून, आणि ती कापणी कारखाना ठरवतो. कोल्हापूर-सांगलीत आंदोलन दरावर जेवढं पेटतं तेवढंच या वजावटीवर.

मालकांच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे. एकूण उत्पन्नावर टक्केवारी बांधली आणि उत्पन्न थबकलं, पण विमानाचं भाडं वाढलं, तर सगळा फटका मालकाला. ज्या धंद्याचा खर्च अजून स्थिरावलेला नाही तिथे 30 टक्के जड जाऊ शकतात. मला वाटतं शेवटी तडजोड मधे कुठेतरी होईल: टक्केवारी कमी, पण एकूण उत्पन्नावर, किंवा निव्वळ उत्पन्नावर, पण खर्चाच्या यादीवर कुलूप लावून. मी युनियनच्या जागी असते तर कमी टक्के घेऊन एकूणवरच राहिले असते. नोबेल मिळालेल्या अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन या युनियनच्या सल्लागार आहेत, त्यामुळे आकडेमोडीत त्यांना माझी गरज नाही.

मालक म्हणून आपण एक गठ्ठा धरतो, तेही बरोबर नाही. 2021 मध्ये न्यूयॉर्क लिबर्टीने स्वतःच्या खर्चाने खेळाडूंना चार्टर विमानाने फिरवलं, तर लीगने त्या संघाला 5 लाख डॉलरचा दंड केला. इतर संघांपेक्षा जास्त सोय देणं नियमात बसत नव्हतं! पगाराची कडक मर्यादाही त्याच जातीची. खर्च करायला तयार असलेल्या मालकापासून हात आखडणाऱ्या मालकाला ती वाचवते. म्हणून लीगचा प्रस्ताव यायला उशीर होतो तेव्हा त्यांच्यातच खल चाललेला असण्याची शक्यता मी नेहमी धरते. आणि मालकांना युनियन मोडायची नसते, याला आणखी कारण आहे. सगळ्या संघांनी मिळून पगाराला कमाल मर्यादा लावणं, नव्या खेळाडूने कुठे खेळायचं हे ड्राफ्टने ठरवणं, हे एरवी तिथल्या स्पर्धा कायद्याखाली संगनमत ठरलं असतं. युनियनशी झालेल्या कराराचं छत्र असल्यामुळे ते चालतं. ज्या साखळीने खेळाडू बांधल्या जातात तिला युनियनची सही लागते, हे खेळाडूंच्या हातातलं पान.

आता संपाचं. करार 31 ऑक्टोबर 2025 ला संपला, मग मुदत 30 नोव्हेंबर, मग 9 जानेवारी. तीही गेली. दरम्यान 18 डिसेंबरला युनियनने मतदान जाहीर केलं: 93 टक्के खेळाडूंनी मत दिलं, त्यातल्या 98 टक्क्यांनी गरज पडली तर संप पुकारायचा अधिकार कार्यकारिणीला दिला. याचा अर्थ संप झाला असा नाही. हे समोरच्याला दाखवायचं पत्र असतं. पण पत्रात जोर कशाने येतो?

आपल्याकडे संप म्हटलं की 18 जानेवारी 1982 आठवतो. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. एकजूट कमी नव्हती, त्यागही कमी नव्हता. पण जुन्या यंत्रांच्या कित्येक गिरण्यांच्या मालकांना गिरणी बंद राहिल्याचं फारसं दुःख नव्हतं. काम थांबल्यावर ज्याचं नुकसान होत नाही त्याच्यावर संप चालत नाही. माझ्या आधीच्या पिढीच्या प्रत्येक युनियनवाल्याने हे मनावर कोरून घेतलंय, आणि मी डब्ल्यूएनबीएकडे बघते ती या चष्म्यातून. 2026 हे टीव्हीच्या नव्या पैशाचं पहिलं वर्ष. टोरांटो आणि पोर्टलंडच्या मालकांना मे महिन्यात दरवाजे उघडायचेत आणि त्यांच्याकडे अजून संघ नाही. बहुतेक सगळ्या अनुभवी खेळाडूंनी आपापले करार 2025 ला संपतील असे बेतले होते, त्यामुळे जवळजवळ सगळी लीगच एकाच वेळी मोकळी झालीय. हे योगायोगाने होत नाही; कोणीतरी दोन-तीन वर्षं आधीपासून वेळापत्रक डोक्यात ठेवून खेळाडूंना सांगत आलंय. बंद पडलं तर या वेळी मालकाचं नुकसान होतं.

दुसरी बाजू तग धरायची. नफीसा कॉलियर आणि ब्रेआना स्ट्युअर्ट यांनी जानेवारी 2025 मध्ये मायामीत ‘अनरायव्हल्ड’ ही तिघी-तिघींची लीग सुरू केली. सरासरी पगार 2 लाख डॉलरच्या वर आणि खेळाडूंना कंपनीत हिस्सा. काही आठवड्यांच्या त्या कामाचा सरासरी पगार डब्ल्यूएनबीएच्या कमाल पगाराच्या आसपास पोहोचतो. संपकाळात चूल पेटती ठेवायची ही सोय आहे, आणि तीही स्वतः उभी केलेली.

पण ती सोय सगळ्यांना नाही. मला काळजी वाटते ती इथे. संघात जास्तीत जास्त 12 जणी. त्यातल्या दोघी-तिघींना बुटांच्या कंपन्यांचे करार असतात, बाकीच्या पगारावर. लीगने कमाल पगार 10 लाख डॉलरच्या पुढे न्यायची तयारी दाखवल्याच्या बातम्या आल्या, आणि त्याच सुमारास संघाने पुरवायचं घर काढून घ्यायचा प्रस्ताव असल्याचीही. मिळून वाचा. वरच्या चौघींना मथळा, आणि बाकावरच्या बाराव्या मुलीला, जी पुढच्या महिन्यात संघात असेल की नाही याची खात्री नाही, शहरात स्वतःचं भाडं. व्यवस्थापन फूट पाडायला येतं तेव्हा ते वरच्या श्रेणीला जास्त देऊन येतं. कमी देऊन फूट पडत नाही. तेहतीस वर्षांच्या खेळाडूला एक मोसम बुडणं म्हणजे कारकिर्दीचा मोठा तुकडा जाणं, हेही विसरायचं नाही. 98 टक्के डिसेंबरमध्ये मिळतात. मे महिन्यात किती टिकतात यावर सगळं आहे, आणि ते बाराव्या मुलीला करारात काय दिसतं यावर ठरेल.

तुमच्या मुलीच्या निमित्ताने आपल्याकडचं. आपल्याकडे महिला बास्केटबॉलची एवढी मोठी व्यावसायिक लीग नाही, म्हणून क्रिकेटकडे बघावं लागतं. ऑक्टोबर 2022 मध्ये बीसीसीआयने महिलांची सामना फी पुरुषांएवढी केली: कसोटीला 15 लाख, एकदिवसीयला 6, टी-ट्वेंटीला 3. सांगलीच्या स्मृती मानधनाला 2023 च्या डब्ल्यूपीएल लिलावात 3 कोटी 40 लाख मिळाले. छान झालं. पण डब्ल्यूपीएलचे पाच वर्षांचे प्रसारण हक्क 951 कोटींना गेले, म्हणजे वर्षाला 190 कोटी, आणि पाच संघांची लिलावाची मर्यादा आजच्या घडीला प्रत्येकी 15 कोटी, म्हणजे 75. हे प्रमाण योग्य की अयोग्य, यावर वाद घालता येईल. वाद घालायला समोर बसणारं कोणी नाही, ही अडचण. 2019 मध्ये स्थापन झालेली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना निवृत्त खेळाडूंची आहे. सध्या खेळणाऱ्यांच्या वतीने बोर्डाशी करार करणारी युनियन नाही. समान फी मिळाली ती बोर्डाने दिली म्हणून. दिलेली गोष्ट आणि करारातली गोष्ट यांत फरक असा की पहिलीला मुदत नसते आणि तक्रार करायला कलम नसतं.

मुलीला आत्ता युनियनचं सांगायची गरज नाही, तिला खेळू द्या. पुढे कधी कोणी तिच्यासमोर करार ठेवला, क्लबचा असो की नोकरीचा, तर सही करण्याआधी तो पूर्ण वाचायची आणि दुखापत झाल्यावर पगाराचं काय होतं हे कलम शोधायची सवय लावा.

आणि डब्ल्यूएनबीएच्या कराराची बातमी येईल तेव्हा कमाल पगाराचा आकडा आधी वाचू नका, तो मोठाच असणार. किमान पगार किती झाला आणि घर राहिलं का, ते बघा. वाटा एकूण उत्पन्नावर आहे की खर्च वजा जाता, आणि वजा जाता असेल तर खर्चाची यादी कोण तपासणार. नव्या संघांचं प्रवेशशुल्क कुठे मोजलंय. पगाराची मर्यादा उत्पन्नाबरोबर हलते की पुन्हा ठरावीक टक्क्यांनी चढते. आणि सगळ्यात शेवटी, बाहेर पडायचा पर्याय कोणत्या वर्षी ठेवलाय. टीव्हीचा करार 11 वर्षांचा आहे. त्याच्या फेरबोलणीच्या आधीचं वर्ष युनियनने मागून घेतलं असेल, तर टेबलावर त्यांच्या बाजूला कोणीतरी फार हुशार माणूस बसला होता असं समजा.